वैयावृत्त्य आणि आपली पेठ : वृद्धांना त्यांच्याच घरी सांभाळण्याचा विचार

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत भाव, कर, वाहतूक आणि बाजारातील आवक यांवर लेख येतात. ते यावेत हे योग्यच होय. परंतु ज्या पिढीने ही दुकाने उभी केली, उधारीच्या वह्या सांभाळल्या आणि पेठेची पत राखली, ती पिढी आज कोठे व कशी राहते आहे, याचा ताळेबंद आपण अद्याप मांडलेला नाही. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा अल्पसा प्रयत्न आहे. सभासद बंधुभगिनींनी तो सवडीने, आणि शक्य तर घरातील सर्वांनी एकत्र बसून वाचावा, अशी विनंती आहे.

माडीवरची माणसे

बेळगावच्या रविवार पेठेतून, खडे बाजारातून किंवा गणपत गल्लीतून जाताना एकदा मान वर करून पाहावे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही आपली जुनी रचना. पूर्वी त्या माडीवर तीन पिढ्या एकत्र नांदत. आज पुष्कळ माड्यांवर एक किंवा दोन वृद्ध माणसे राहतात. मुले शिक्षणासाठी पुण्यास अगर बंगळुरास गेली आणि तेथेच स्थिरावली. काही समुद्रापलीकडे आहेत. जी येथेच राहिली त्यांनीही टिळकवाडीकडे किंवा नव्या वसाहतींत घरे बांधली. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. आपले आजे-पणजेही आपापली गावे सोडूनच या पेठेत आले होते. व्यापारी माणूस संधीच्या मागे जाणारच.

हा अनुभव आपल्या एकट्यांचा नव्हे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्ती देशात दहा कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होत्या. केरळ राज्यात हेच प्रमाण १२.६ टक्के होते. माणसे अधिक वर्षे जगू लागली ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्या वाढलेल्या वर्षांची व्यवस्था आपोआप होत नाही.

येथे एक प्रसंग सांगणे अवश्य वाटते. काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, आपल्या पेठेतील ऐंशी उलटलेल्या एक आक्का संध्याकाळी सातच्या सुमारास न्हाणीघरात ओल्या फरशीवरून घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. उठता येईना; हाक मारली तर पावसाच्या आवाजात ती कोणाला ऐकू गेली नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वर्तमानपत्राचे महिन्याचे बिल मागण्यास आलेल्या मुलाला सकाळचा अंक दाराशी तसाच पडलेला दिसला, म्हणून त्याने खाली येऊन सांगितले. सोळा तास त्या तशाच पडून होत्या. पुढे शस्त्रक्रिया झाली, मुले धावून आली, खर्चाची कसूर राहिली नाही. परंतु त्या माडीचा जिना आक्का पुन्हा चढल्या नाहीत आणि चार महिन्यांनी त्यांचे देहावसान झाले. त्या घराच्या आजूबाजूस आपल्या सभासदांची दहा दुकाने आहेत. त्या दिवशी सकाळी साडेनऊला ती सर्व उघडली होती. त्यांतील एक प्रस्तुत लेखकाचे आहे.

वृद्धाश्रम हे एकमेव उत्तर नव्हे

असे काही घडले की वृद्धाश्रम बांधण्याची सूचना पुढे येते. ज्यांना घर नाही किंवा घरात थारा नाही त्यांच्यासाठी आश्रम हवेतच. पण ज्याचे स्वतःचे घर आहे, ज्याला ओळखीची माणसे आहेत, त्याला केवळ सोय म्हणून तेथून उचलणे हे वठलेले नसलेले झाड उपटण्यासारखे आहे. आपल्या लोकांच्या बाबतीत तर आणखी एक विचार आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग, सकाळी बस्तीत दर्शन, दुपारी स्वाध्याय, ही ज्यांची साठ-सत्तर वर्षांची दिनचर्या, त्यांना परक्या ठिकाणी घड्याळ आणि ताट दोन्ही बदलावी लागतात. ताट बदलले की माणूस जेवेनासा होतो. मग त्याला आपण ‘हट्टी’ म्हणतो.

बारकाईने पाहिले तर असे आढळते की वृद्ध माणसाला घर सोडावे लागते ते क्वचितच एखाद्या मोठ्या कारणाने. जिना चढवत नाही, औषध कोण आणणार, बँकेत कोण जाणार, रात्री काही झाले तर कोणाला हाक मारावी, अशी लहान लहान कारणे साचत जातात. लहान कारणांवर लहानच, पण नित्याची व्यवस्था लागते. आणि अशी नित्याची व्यवस्था पेठेइतकी दुसरे कोण करू शकेल?

शास्त्रात सांगितलेली चार अंगे

आपल्याकडे या कर्तव्याला नाव आहे. तत्त्वार्थसूत्रात सहा अभ्यंतर तपे सांगितली आहेत, त्यांत प्रायश्चित्त व विनय यांच्यानंतर वैयावृत्त्य येते. आपले श्वेतांबर बांधव यालाच वैयावच्च म्हणतात. ज्यांची वैयावृत्त्ये करावयाची त्यांच्या यादीत ‘ग्लान’, म्हणजे रोगाने क्लांत झालेला, याचाही समावेश आहे. थकलेल्याची सेवा ही ध्यान व स्वाध्याय यांच्याच पंक्तीतील तपश्चर्या मानली, याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाच्या वैयावृत्त्याचे चार प्रकार दिले आहेत : आहार, औषध, उपकरण आणि आवास. तेथे संयमी साधूंची सेवा अभिप्रेत आहे, हे मान्य करूनच पुढे जावे. परंतु जी वृत्ती त्यागी माणसाच्या बाबतीत धर्म ठरते, ती आपल्या वृद्ध माता-पित्यांच्या व शेजाऱ्यांच्या बाबतीत निरुपयोगी कशी ठरेल? वृद्धांना घरीच सुखाने राहता यावे म्हणून ज्या सोयी लागतात, त्या या चार शब्दांत आश्चर्य वाटावे इतक्या नेमकेपणाने बसतात. म्हणून पुढील विवेचन त्याच क्रमाने करू. तत्पूर्वी एक चालते उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल.

केरळातील शेजारधर्म

कोझिकोड, म्हणजे जुने कालिकत, हे नाव आपल्या किराणा व्यापाऱ्यांना मिरी, सुंठ आणि खोबरे यांमुळे परिचित आहे. त्या शहरातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने असाध्य रोग्यांच्या वेदना शमविणारी एक संस्था सुरू झाली. या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आरंभी रोग्यांनी दवाखान्यात यावे अशी पद्धत होती. लवकरच ध्यानात आले की ज्याला सेवेची सर्वांत अधिक गरज, तोच अंथरुणावरून उठू शकत नाही. तेव्हा सेवेनेच त्याच्या दाराशी जावे असे ठरले.

या शतकाच्या आरंभी मलप्पुरम जिल्ह्यात त्याला शेजाऱ्यांच्या संघटनेचे रूप आले. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकेल अशा सामान्य माणसाला प्रशिक्षण द्यावयाचे, त्याने आपल्याच भागातील घरी जाऊन रोग्याची विचारपूस करावयाची, काय कमी आहे ते नोंदवावयाचे, आणि त्याच्या पाठीशी प्रशिक्षित परिचारिका व डॉक्टर उभे राहावयाचे, अशी ती योजना. कर्करोगापासून आरंभ झालेली ही सेवा पुढे दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्यांपर्यंत आणि वृद्धांपर्यंत पोहोचली. पैसा मुख्यतः स्थानिक लोकांच्या लहान लहान देणग्यांतून उभा राहिला. २००८ साली केरळ सरकारने या विषयाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि पुढे ग्रामपंचायतींच्या द्वारे परिचारिकांच्या घरभेटींची व्यवस्था पसरली.

केरळातीलही पुष्कळ मुले आखाती देशांत व अन्यत्र गेली आहेत. घरे तेथेही रिकामी झाली. परंतु तेथील लोकांनी दोन गोष्टी ओळखल्या. शेजाऱ्याचा वेळ ही मोजता येणारी पुंजी आहे. आणि सद्भावना असली तरी शिक्षणाशिवाय ती रोग्याच्या उपयोगी पडत नाही. आपण व्यापारी आहोत. पुंजी मोजणे आपल्याला शिकवावे लागू नये. समजा, एका पेठेत चाळीस वृद्ध आहेत आणि वीस सभासदांनी आठवड्याला दोन तास दिले. चाळीस तास झाले. प्रत्येक वृद्धाच्या वाट्याला दर आठवड्यास एक पूर्ण तास येतो. एका माणसाला जे ओझे वाटते ते वीस जणांत वाटले असता जाणवतही नाही.

आहार

एकट्या राहणाऱ्या वृद्धाचा स्वयंपाक हळूहळू आटत जातो. प्रथम भाजी जाते, मग वरण जाते, शेवटी चहा आणि टोस्ट उरतात. प्रथिने कमी पडली की स्नायू क्षीण होतात, पाय लटपटतात, आणि पडण्याचा धोका वाढतो. म्हणून शुद्ध आहाराचा एक डबा, दुपारी आणि सूर्यास्तापूर्वी, ही पहिली गरज आहे. त्यासाठी नवे स्वयंपाकघर बांधावे लागणार नाही. ज्या घरी रोज पाच माणसांचा स्वयंपाक होतो त्या घरी सहाव्याचा होऊ शकतो. खर्च संघाने द्यावा, म्हणजे देणाऱ्या घरावर भार नाही आणि घेणाऱ्याला संकोच नाही. डाळ, मूग, दूध आणि ताक यांचा समावेश नित्य असावा. दात नसलेल्यांसाठी मऊ भात अगर लापशी असावी.

औषध

वृद्धांच्या घरी औषधे कमी नसतात, जास्तच असतात. तीन डॉक्टरांनी दिलेल्या तीन पिशव्या असतात आणि एकाच गुणाच्या गोळ्या दोन नावांनी घेतल्या जातात. वर्षातून दोनदा सर्व औषधे एका ताटात काढून एकाच डॉक्टरला दाखवावीत, हा साधा उपाय आहे. संघाने त्यासाठी दोन दिवस मुक्रर करावेत.

आपल्या समाजात एक विशेष सावधगिरी हवी. दशलक्षण किंवा पर्युषण पर्वात वृद्ध मंडळी श्रद्धेने उपवास व एकाशन करतात. मधुमेहाच्या काही गोळ्या व इन्सुलिन उपाशीपोटी घेतल्यास रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. आणि औषध स्वतःच्या मनाने बंद केले तरी अपाय होतो. पर्वाच्या आठ दिवस आधी डॉक्टरांचा सल्ला घेऊन औषधांचे वेळापत्रक लिहून घ्यावे. व्रत आणि विवेक यांत विरोध नाही.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेचा विस्तार करून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण जाहीर केले. ही मोलाची गोष्ट आहे. परंतु ते संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. घरी येऊन जखम बांधणे, कूस बदलून देणे, लघवीची नळी पाहणे, हे त्यात येत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी संघाने एक परिचारिका वेतनावर नेमणे, हा या लेखातील सर्वांत खर्चाचा आणि सर्वांत आवश्यक प्रस्ताव आहे.

उपकरण

वॉकर, चाकांची खुर्ची, कमोडची खुर्ची, हवेची गादी, रुग्णाचा पलंग, या वस्तू काही आठवडे किंवा महिने लागतात आणि मग अडगळीत पडतात. आज आपल्या सभासदांच्या माळ्यांवर अशा किती वस्तू असतील याची मोजदाद केली तर एक भांडार सहज उभे राहील. रुग्णोपयोगी साहित्याचे असे केंद्र संघाच्या गोदामाच्या एका कोपऱ्यात चालू शकते. परत मिळणारी अनामत, नोंदवही आणि वस्तू परत आल्यावर ती धुऊन-पुसून ठेवण्याची जबाबदारी, एवढे नियम पुरेत. कानाचे यंत्र व चष्मा हीही उपकरणेच होत. ज्याला ऐकू येत नाही तो घरात असूनही एकटा असतो.

आवास

आक्का पडल्या त्या फरशीवर खडबडीत लाद्या आणि भिंतीला धरण्याजोगा एक दांडा असता, तर कदाचित त्या पडल्या नसत्या. न्हाणीघरात दांडा, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, जिन्यात व मोरीपर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा, सुटी सतरंजी काढून टाकणे, ही कामे सुतार आणि गवंडी दोन दिवसांत करतात. ज्यांना माडी झेपत नाही त्यांच्यासाठी दुकानामागील खोली मोकळी करून तेथे शौचकूपाची सोय करावी. गोदामातील काही पोती दुसरीकडे हलवली तर व्यापार बुडत नाही.

बस्तीच्या पायऱ्यांचाही विचार व्हावा. चाकांच्या खुर्चीसाठीचा उतार एकास बारा या प्रमाणात असावा लागतो. म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. त्याहून चढा उतार केवळ दाखवण्यापुरता असतो. जो वृद्ध दर्शनास येऊ शकतो तो रोज चार माणसांना भेटतो, आणि तो आला नाही तर चार माणसांना ते कळते.

आवासाशी निगडित असा एक कायद्याचा मुद्दा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. ज्येष्ठ नागरिकाने सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर त्या कायद्याच्या कलम २३ अन्वये ते हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द ठरवून घेता येते. कर्नाटकात या न्यायाधिकरणाचे काम उपविभागाचे सहायक आयुक्त पाहतात. म्हणून बक्षीसपत्र करताना सांभाळाची अट त्या पत्रातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. यात अविश्वास नाही. आपण सख्ख्या भावाशीही भागीदारीचे पत्र करतोच ना? अडचणीत सापडलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक वृद्धाच्या उशाशी मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. तसेच सत्तर वर्षांवरील ग्राहकांना मूलभूत बँकसेवा घरपोच देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सूचना दिल्या आहेत. आपल्या शाखेत त्याची मागणी करावी.

सकाळची फेरी आणि एक वही

वरील सर्व व्यवस्था उभी राहण्यास वर्ष लागेल. परंतु एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते. प्रत्येक माडीखालच्या दुकानदाराने दुकान उघडताच, गल्ल्याला हात लावण्यापूर्वी, वर जाऊन किंवा हाक मारून विचारावे, ‘काकू, बरे आहे ना?’ उत्तर आले नाही तर काय करावयाचे, किल्ली कोणाकडे आहे, हे आधीच ठरलेले असावे. संध्याकाळी दुकान बंद करतानाही तसेच विचारावे. दोन हाकांस दोन मिनिटे लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वही. प्रत्येक वृद्धाचे एक पान : वय, डॉक्टर, चालू औषधे, आहाराचे नियम, किल्लीची जागा, मुलांचे दूरध्वनी क्रमांक, आणि आजारपणात कोठे न्यावे याविषयी त्यांची स्वतःची इच्छा. ही वही संमतीनेच लिहावी आणि उधारीच्या वहीइतकीच गुप्त राखावी. मदतीची चर्चा दुकानाच्या पायरीवर झाली तर मानी माणूस दुसऱ्यांदा मदत घेत नाही.

समितीत स्त्रिया निम्म्या असाव्यात. शुश्रूषेचा भार आज प्रत्यक्षात सुना आणि लेकीच वाहत आहेत. जी सून तीन वर्षे सासूबाईंच्या अंथरुणापाशी आहे तिला महिन्यातून दोन दिवस मोकळीक मिळावी, म्हणून कोणी येऊन बसणे, हीही सेवाच. आणि वृद्धांना केवळ सेवा घेणारे मानू नये. जुन्या दिवाणजींनी मुलांना जमाखर्च शिकवावा, आजींनी स्वाध्याय घ्यावा. ज्याची गरज आहे असा माणूस लवकर खचत नाही.

पैशाचा प्रश्न

आपल्या बाजारांत पोत्यामागे किंवा गठ्ठ्यामागे ‘धर्मादाय’ म्हणून लहानशी रक्कम घेण्याची जुनी रूढी आहे. तिच्यातून पांजरपोळ, पाणपोई आणि धर्मशाळा चालल्या. ती रक्कम धर्मकार्यासाठीच बांधलेली असते, व्यापाऱ्याचे उत्पन्न नसते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात दिला. रूढीचा मान राखून, आणि आजच्या करांविषयी आपल्या हिशेबनिसाचा सल्ला घेऊन, धर्मादायाचे एक खाते ‘वैयावृत्त्य खाते’ म्हणून वेगळे काढावे, असा प्रस्ताव आहे.

स्पष्ट बोलावयाचे तर आपल्या समाजात दानाची वाण नाही. पण आपले दान इमारतीकडे ओढ घेते, कारण इमारतीवर संगमरवरी पाटी बसते. परिचारिकेच्या वेतनावर, न्हाणीघरातील दांड्यावर किंवा दुपारच्या डब्यावर पाटी बसत नाही. दूध आटलेल्या, थकलेल्या गायीला शेवटच्या दिवसापर्यंत पोसणारी पांजरपोळ ही आपल्या समाजाची कीर्ती आहे. ती कीर्ती सार्थ आहे. ज्या हातांनी तिच्यासाठी धर्मादाय गोळा केला, त्या हातांना शेवटी धरावयास दांडा मिळू नये, हे मात्र आपल्या कीर्तीस शोभत नाही.

घरोघरी विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या दुकानाच्या वर, शेजारी अगर समोर कोण वृद्ध राहतात? त्यांना शेवटचे केव्हा भेटलो?
२. आपल्या घरातील न्हाणीघर व जिना ऐंशी वर्षांच्या माणसाला सुरक्षित आहे काय?
३. आपल्या आई-वडिलांची औषधे कोणती, हे घरातील किती जणांना ठाऊक आहे?
४. आठवड्यातील कोणते दोन तास आपण देऊ शकतो?
५. आपण स्वतः ऐंशीचे होऊ तेव्हा सकाळी कोणाची हाक ऐकू यावी असे वाटते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ती हाक आपल्याला हवी असेल, तर आज ती आपण द्यावयास हवी. संघाच्या पुढील सभेत या विषयास वेळ मिळावा, एवढीच नम्र सूचना करून लेखणी थांबवितो.

जय जिनेंद्र.